टोकियोचा राक्षस आणि स्वप्नद्वीपावरील नौका

जपान पाहून आलेल्या माणसानें फुजी पर्वत, चेरीचा मोहोर आणि बाणासारखी सुटणारी आगगाडी ह्या तीन गोष्टींचें वर्णन केल्याखेरीज त्याचा प्रवास खरा मानावयाचा नाहीं, असा आपल्याकडे जणूं प्रघातच पडला आहे. ह्या बाबतींत माझी पंचाईत आहे. मी तेथें होतों तोंपर्यंत फुजी ढगांत दडून बसला होता. मोहोराचा हंगाम नव्हता. आणि त्या आगगाडींत बसल्यावर पांच मिनिटांतच मला झोंप लागली. तेव्हां वाचकांनीं ती अपेक्षा ठेवूं नये. मी त्यांना एका राक्षसाची आणि एका लांकडी नावेची हकीकत सांगणार आहें.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त कांहीं वर्षें टोकियोंत आहेत. शहराच्या पूर्वेस एदोगावा नांवाचा प्रभाग आहे. त्यांतील निशि-कासाई ह्या भागांत आपल्या देशांतील लोकांची वस्ती बरीच असल्यामुळें तुरीची डाळ, हिंग, पोहे ह्यांवांचून कोणाचें अडत नाहीं. गेल्या कार्तिकांत आम्ही उभयतां तेथें दोन महिने राहावयास गेलों. नातू सात वर्षांचा. त्याला आजीच्या गोष्टींची गोडी आहे, माझ्याजवळ रामरक्षाही तो म्हणतो. परंतु त्याचें खरें दैवत निराळेंच असल्याचें पहिल्याच दिवशीं आढळून आलें. त्याच्या अभ्यासाच्या मेजावर रबराचे बारा-चौदा राक्षस ओळीनें मांडून ठेवलेले! त्यांतील मुख्य जो, तो काळाभोर, दोन पायांवर उभा, शेपूट मगरीची आणि पाठीवर पळसाच्या पानांसारख्या तकटांची रांग. ह्याचें नांव गोजिरा. इंग्रजींत त्याचेंच गॉडझिला झालें. संध्याकाळीं शुभंकरोतीस बसतांना देखील ही स्वारी नातवाच्या मांडीवर असावयाचीच.

मी जन्माचा मास्तर. हें पाहून स्वस्थ बसणें मला कसें जमावें? "ह्या भुतावळीनें पोराच्या मनावर काय संस्कार होणार?" असें मीं जेवतांना जरा जोरानेंच म्हटलें. चिरंजीव हंसले. सूनबाई मात्र वाढतां वाढतां म्हणाल्या, "मामंजी, मूळचा बोलपट तुम्हीं एकदां पाहा आणि मग काय तें म्हणा." त्यांना जपानी उत्तम येतें, भाषांतराचेंच काम त्या करतात. मला हें आव्हान वाटलें, आणि रविवारीं दुपारीं आम्ही सर्व जण पडद्यापुढें बसलों.

हा बोलपट तोहो कंपनीचा. ३ नोव्हेंबर १९५४ रोजीं तो जपानभर प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होंदा इशिरो. राक्षस व नगराचा विध्वंस ज्यांच्या कल्पकतेनें पडद्यावर आला ते त्सुबुराया एइजी. संगीत इफुकुबे अकिरा ह्यांचें. राक्षसाचें नांव गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, ह्या दोन शब्दांचा सांधा जोडून केलेलें आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें हा समास कोणता, हें मी अद्यापि ठरवूं शकलों नाहीं! रबरी पोशाखांत एका नटाला घालून लहान प्रमाणावर बांधलेल्या नगरींतून चालविलेलें आहे. पहिला पोशाख शंभर किलोंच्या घरांतला होता आणि तो घालून नटास थोडीं पावलें टाकणेंही कठीण जाई, असें सांगतात. राक्षसाची ती डरकाळी कोणत्याही जनावराची नव्हे. मोठ्या खर्जाच्या तंतुवाद्याची तार सैल करून तिच्यावर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घांसला, आणि त्यांतून निघालेल्या नादाची ती डरकाळी बनविली. नातवास हें सर्व मुखोद्गत होतें. मीं तें त्याच्याकडूनच प्रथम ऐकलें.

कथा साधी आहे. समुद्रावर एकाएकीं डोळे दिपविणारा उजेड होऊन एक जहाज जळून बुडतें. मागोमाग दुसरें. एका बेटावरील म्हातारे कोळी जुन्या सागरदैत्याची आठवण काढतात. शेवटीं शास्त्रज्ञ सांगतो कीं, समुद्राच्या तळाशीं युगानुयुगें राहणारा हा प्राणी हायड्रोजन बाँबच्या चांचणीमुळें आपल्या घरांतून हुसकला गेला आहे आणि त्याच्या अंगांत तें विष भिनलेलें आहे. मग तो टोकियोवर येतो, आणि एका रात्रींत नगरीची राख होते.

मी थट्टा करावयाच्या तयारीनें बसलों होतों, आणि पहिला अर्धा तास मीं ती केलीही. रबराच्या सुरकुत्या मला दिसत होत्या. पुढें एका आगगाडींत दोघे-तिघे जण बोलत बसलेले दाखविले आहेत. त्यांतील एक तरुण स्त्री सहज बोलावें तशी म्हणते कीं, नागासाकींतून जीव वांचवून आलें, आणि आतां हें. बस्स, इतकेंच. त्यानंतर मीं सुरकुत्या शोधल्या नाहींत.

नगरीस आग लागलेली असतांना एका इमारतीच्या भिंतीशीं एक आई आपल्या लेंकरांना कवटाळून बसलेली आहे. ती मुलांना कांहीं सांगते. तोंवर सूनबाई प्रत्येक वाक्याचा अर्थ मला सांगत होत्या. येथें त्या थांबल्या. "काय म्हणाली ती?" मीं विचारलें. त्यांनीं एकदां मुलाकडे पाहिलें आणि हलकेच म्हटलें, "आतां आपण लवकरच बाबांकडे जाणार, असें म्हणते ती." बोलपट १९५४ चा. त्या मुलांचा बाप कोठें गेला असेल, हें त्या वर्षीं नाट्यगृहांत बसलेल्या कोणाही प्रेक्षकास समजावून सांगावें लागलें नसेल.

भरतमुनींनीं भयानक रसाचा वर्ण कृष्ण सांगितला आहे आणि करुणाचा कपोताच्या अंगासारखा राखी. हा बोलपट काळ्या-पांढऱ्या रंगांतला आहे, म्हणजे वस्तुतः राखी रंगांतलाच. वर भयानक आणि आंत करुण, असें त्याचें स्वरूप आहे. हें ज्याला दिसलें नाहीं त्याला नुसता रबरी राक्षस दिसतो. १९५६ सालीं अमेरिकेंत तो दाखवितांना एका अमेरिकन वार्ताहराचें पात्र नव्यानें घालण्यांत आलें आणि पुष्कळ भाग कापण्यांत आला. आगगाडींतील त्या बाईचें नागासाकी त्या कापाकापींतच गेलें. जगानें बरींच वर्षें हीच आवृत्ति पाहिली. तेव्हां गोजिरा म्हणजे पोरखेळ, ही समजूत जी पसरली, ती माझ्या एकट्याची नव्हती, एवढेंच समाधान.

त्या काळाचा हिशेब थोडा ध्यानांत घेतला पाहिजे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर व ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडले, हें आपणांस पाठ असतें. परंतु टोकियोची स्वतःची रात्र आपल्यापैकीं फारच थोड्यांस ठाऊक असते. १० मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकन विमानांनीं शहराच्या पूर्वभागावर आगीचे बाँब टाकले. सुमिदा नदीच्या कांठची लांकडी घरांची दाट वस्ती जळून गेली आणि एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें मेलीं. आमच्या चिरंजीवांचें बिऱ्हाड आहे तेथून तो भाग कांहीं दूर नाहीं. युद्ध संपल्यावर १९५२ च्या एप्रिलपर्यंत देशावर विजेत्यांचा अंमल होता, आणि त्या अंमलांत वर्तमानपत्रांवरील बंधनामुळें अणुबाँबच्या यातनांविषयीं मोकळेपणानें लिहितां येत नसे. म्हणजे हा बोलपट निघाला तेव्हां लोकांस रडण्याची मोकळीक मिळून पुरतीं तीन वर्षेंही झालेलीं नव्हतीं. स्वतः होंदा लष्करांत होते. चीनांत बरीच वर्षें काढून ते १९४६ सालीं परतले, तेव्हां वाटेंत त्यांनीं हिरोशिमा पाहिली. राक्षसाच्या चालण्यांतील तो सावकाशपणा, कोणाचाही द्वेष नसतांना सर्व तुडवीत जाणें, हें कोणत्याही पुराणांतल्या राक्षसाचें लक्षण नव्हे. आपले राक्षस वर मागतात, हेवा करतात, हंसतात. ह्याला कांहींच नको असतें.

दुसऱ्या आठवड्यांत नातवाचा हात धरून मी गिन्झा भागांत गेलों. वाको नांवाच्या दुकानाच्या माथ्यावर घड्याळाचा मनोरा आहे. ती इमारत १९३२ सालची, बाँबवर्षावांतूनही वांचलेली. बोलपटांत तें घड्याळ अकराचे ठोके देऊं लागतें आणि राक्षस चिडून मनोरा मोडतो. मी वर पाहत उभा राहिलों, आणि नातू म्हणाला, "आजोबा, हें परत बांधलें का हो?" मीं सांगितलें, "अरे, तें मोडलेंच नव्हतें." त्याला तें पटलें नाहीं. त्याच्या मतें मोडलें होतें. तेथून जवळच हिबिया येथें गोजिराचा पुतळा उभारलेला आहे, त्याच्यापुढें लोक आपलीं छायाचित्रें काढून घेत होते. आणि शिंजुकु भागांत तर एका हॉटेलाच्या गच्चीमागून त्याचें प्रचंड डोकें डोकावतें व ठराविक वेळीं डरकाळी फोडतें. खालीं माणसें आइसक्रीम खात उभीं असतात. भय शहराच्या पोटांत इतकें मुरलें कीं त्याची जत्रा झाली. आमच्याकडेही दैत्यांच्या जत्रा आहेतच. मला हंसावयाचा अधिकार नाहीं.

मग एके दिवशीं चिरंजीव म्हणाले, "बाबा, ज्या नावेवरून ही सारी गोष्ट निघाली ती नाव येथेंच आहे. पाहावयाची का?"

टोकियोच्या आखातांत भराव घालून केलेलें युमेनोशिमा म्हणून एक स्थळ आहे. नांवाचा अर्थ स्वप्नांचें बेट. प्रत्यक्षांत १९५७ पासून दहा वर्षें तेथें सबंध शहराचा केरकचरा टाकीत असत. आतां त्यावर बाग आहे. निलगिरीचीं उंच झाडें आहेत. उष्ण प्रदेशांतील वनस्पतींचें एक कांचगृह आहे आणि त्याला लागणारी ऊब शेजारच्या कचरा जाळण्याच्या कारखान्यांतून मिळते. केळीचें झाड पाहून आमच्या कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी आलें. दोन महिने केळीच्या पानावर जेवण झालें नव्हतें, त्याचें तें दुःख. शिन-किबा स्थानकापासून चालत थोड्याच वेळांत आपण तेथें पोंचतों. झाडींत एक त्रिकोणी छपराची इमारत आहे. प्रवेशास पैसे पडत नाहींत.

आंत शिरतांच ती नाव समोर येते. नाव म्हणजे लहानसें गलबतच. लांबी सुमारें शंभर फूट, वजन १४० टन, सर्वांग लांकडाचें. १९४७ सालीं बांधलेली ही नौका पुढें ट्यूना नांवाच्या मोठ्या माशांच्या शिकारीस जाऊं लागली. नांव दाइगो फुकुर्यू मारू, म्हणजे पांचवी भाग्यनागनौका. तिच्या पुढच्या टोंकाखालीं उभें राहून वर पाहिलें कीं कोंकणांतील बंदरांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मोठ्या मचव्याची आठवण होते. तोच लांकडाचा वास, त्याच फळ्यांच्या सांधी.

१ मार्च १९५४ रोजीं पहाटे ही नौका मार्शल बेटांजवळ समुद्रांत होती. तिच्यावर तेवीस माणसें होतीं. पश्चिमेस एकाएकीं सूर्य उगवावा तसा उजेड झाला. कांहीं मिनिटांनीं आवाज आला. सुमारें १६० किलोमीटरांवर बिकिनी ह्या प्रवाळद्वीपावर अमेरिकेनें हायड्रोजन बाँबची चांचणी केली होती. तिची शक्ति १५ मेगाटन निघाली, म्हणजे करणारांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक आणि हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारें हजारपट. अमेरिकेनें जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीच्या बाहेर ही नौका होती. कांहीं वेळानें आकाशांतून पांढरी भुकटी पडूं लागली आणि कित्येक तास पडत राहिली. तें पोंवळ्यांचें भस्म होतें. खलाश्यांच्या केंसांत, मानेवर, कमरपट्ट्यांत तें बसलें. पायांखालीं त्याचे ठसे उमटले. पुढें अंगावर फोड आले, कातडी काळवंडली, केंस गळूं लागले. १४ मार्चला नौका याइझु बंदरास परत आली. तें भस्म एका लहान कुपींत तेथें ठेवलेलें आहे. लोकांनीं त्याला मृत्यूची राख असें नांव दिलें. त्याच राखेखालीं रोंगेलाप बेटावरील लोकही सांपडले, आणि त्यांना तेथून हलवावयास दोन दिवस लागले.

ज्या मुलखांत मासा हें रोजचें अन्न, त्या मुलखांत मासळीबाजारावर केवढा आघात झाला असेल, ह्याची कल्पना आम्हां शाकाहारी माणसांस नीटशी येणार नाहीं. ट्यूना मासे जमिनींत पुरावे लागले. टोकियोच्या सुगिनामि भागांतील गृहिणींनीं एक विनंतिपत्र काढून घरोघर सह्या मिळविण्यास सुरुवात केली, आणि वर्षभरांत देशांतील तीन कोटींहून अधिक माणसांनीं अशा पत्रांवर सह्या केल्या. नौकेवरचा बिनतारी संदेश पाठविणारा कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबर १९५४ रोजीं वारला. वय चाळीस. अणुबाँबाचा शेवटचा बळी आपणच असावें अशी त्याची इच्छा होती. ती बाहेर एका शिळेवर कोरलेली आहे. त्यानंतर एकेचाळिसाव्या दिवशीं गोजिराचा बोलपट लागला. पडद्यावर पहिल्याच प्रसंगीं पांढऱ्या उजेडांत जळणारें जहाज पाहून प्रेक्षकांस काय वाटलें असेल, तें त्या नावेपाशीं उभें राहिल्यावर कळतें.

नावेचें पुढचें चरित्र तर कादंबरींत शोभावें असें आहे. धुऊन-पुसून तिचें नांव बदललें, तिला मत्स्यविद्येच्या विद्यालयाची शिकाऊ नौका केली, आणि १९६७ सालीं मोडींत काढली. तिचें यंत्र विकलें गेलें. सांगाडा ह्याच केराच्या बेटावर येऊन पडला. १९६८ सालीं एका तरुण नोकरदारानें वर्तमानपत्रास पत्र लिहिलें कीं ही नाव अशी कुजूं देऊं नका. त्यावरून लोक जमले, आणि १९७६ सालीं ही इमारत उघडली. यंत्र ज्या दुसऱ्या जहाजांत बसविलें होतें तें बुडालें होतें. १९९६ सालीं तें यंत्र समुद्रांतून वर काढलें आणि आतां तें बाहेर गंजलेल्या अवस्थेंत मांडलेलें आहे. मीं हात लावून पाहिला. पोपडे निघत होते.

तेथें उभा असतांना आमच्या कुटुंबानें हळूच विचारलें, "अहो, तुम्हीं पेढे वांटले होतेत ना?"

त्यांच्या विचारण्यांत टोंचणी नव्हती. त्यांना सहज आठवलें. १९९८ सालच्या मे महिन्यांत बुद्धपौर्णिमेच्या दिवशीं पोखरणला आपल्या देशानें अणुस्फोट केले, तेव्हां मीं आमच्या आळींत घरोघर पेढे वांटले होते. शाळेस सुटी होती, नाहीं तर वर्गांतही वांटले असते. १९७४ सालींही असाच एक स्फोट झाला होता. तेव्हां मी विद्यार्थी होतों आणि आम्ही पोरांनीं फटाके उडविले होते. ह्याच नावेची बातमी आल्यावर २ एप्रिल १९५४ रोजीं पंडित नेहरूंनीं लोकसभेंत ह्या चांचण्या थांबविण्याचें आवाहन केलें होतें, हें मात्र मला साठी उलटल्यावर कळलें. पेढे वांटल्याचा मला आज पश्चात्ताप होतो, असें लिहिलें तर तें पुरतें खरें होणार नाहीं. शेजारीं कोण आहेत आणि त्यांच्याजवळ काय आहे, हें मलाही समजतें. परंतु त्या कुपींतील पांढऱ्या भुकटीकडे पाहत असतांना कुटुंबाच्या प्रश्नास मला उत्तर देववलें नाहीं. मीं नुसती मान हालविली.

बोलपटाचा शेवट तेव्हां पुनः आठवला. सेरिझावा नांवाच्या एका शास्त्रज्ञास, ज्याचा एक डोळा युद्धांत गेलेला आहे, पाण्यांतील प्राणवायु नष्ट करून प्राणिमात्राचा संहार करणारी एक भयंकर युक्ति सांपडलेली असते. राक्षसास मारावयाचें तर तीच वापरली पाहिजे. पण एकदां वापरली कीं राज्यकर्ते तिचें अस्त्र केल्याखेरीज राहणार नाहींत, हें तो जाणतो. तो आपले सर्व कागद जाळतो, स्वतः समुद्राच्या तळाशीं उतरतो आणि श्वासाची नळी कापून राक्षसाबरोबर मरतो, म्हणजे ती विद्या मस्तकांतही उरूं नये. आपल्या दधीचीनें अस्त्र व्हावें म्हणून अस्थि दिल्या. ह्यानें अस्त्र होऊं नये म्हणून देह दिला. सौप्तिकपर्व मीं तरुणपणीं शास्त्रीबोवांजवळ वाचलें आणि पुढें मुलांना कितीदां सांगितलें. व्यास-नारद मध्यें उभे राहिल्यावर अर्जुनानें आपलें अस्त्र आवरलें. अश्वत्थाम्यास तें साधेना, म्हणून त्यानें तें गर्भांवर टाकलें. वर्गांत मी ह्या ठिकाणीं अश्वत्थाम्यास नीच म्हणून पुढें जात असें. सोडणें शिकलेला आणि आवरणें न शिकलेला, एवढाच त्याचा अपराध, हें कधीं मुलांस सांगितलें नाहीं.

पुढें ह्या राक्षसाचीं पुष्कळ रूपें झालीं. मधल्या वर्षांत तो मुलांचा कैवारी बनला; १९७१ सालीं तो कारखान्यांच्या घाणींतून जन्मलेल्या दुसऱ्या राक्षसाशीं लढला. २०११ सालच्या मार्चमध्यें भूकंप, समुद्राची लाट आणि फुकुशिमाचा अणुभट्टीचा अपघात असें तिहेरी संकट आलें. त्यानंतर २०१६ सालीं निघालेल्या बोलपटांत राक्षस नदीच्या पात्रांतून होड्या ढकलीत वर येतो आणि अधिकारी सभांमागून सभा भरवीत बसतात. २०२३ सालच्या बोलपटानें कथा पुनः युद्धानंतरच्या ओसाड टोकियोंत नेली आहे. त्याच्या दृश्यकौशल्यास दुसऱ्या वर्षीं अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिक मिळालें. हे दोन्ही मीं पाहिले. दुसरा बरा, पण मूळच्याची सर नाहीं.

परतीच्या गाडींत नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, राख पांढरी होती तर त्यांना तें बर्फ वाटलें असेल का हो?" मीं म्हटलें, "वाटलें असेल." "मग त्यांनीं तें खाल्लें का?" त्याचे वडील खिडकीबाहेर पाहत होते. मीं सांगितलें कीं एक-दोघांनीं तें काय आहे म्हणून जिभेवर ठेवून पाहिलें असेल. माणसें तसें करतात. त्यावर तो पुनः गप्प झाला.

संध्याकाळीं दिवा लागला. नातू हातपाय धुऊन आला आणि नेहमींप्रमाणें गोजिरा घेऊन पाटावर बसला. त्याच्या आजीनें माझ्याकडे पाहिलें. मी कांहीं बोललों नाहीं. त्याच्या लहानशा मांडीवरून तो सारखा घसरत होता, म्हणून शेवटीं मींच तो उचलून माझ्याजवळ घेतला, आणि आम्ही शुभंकरोति म्हणावयास सुरुवात केली.